नदीची पातळी आणि दारची पायरी
(शासनाजवळील माहिती नागरिकांच्या उपयोगी कशी पडावी?)



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ योजलेल्या व्याख्यानात सरकारी आकडेवारीसारखा रुक्ष विषय का घ्यावा, असा प्रश्न आपल्या मनात आला असल्यास तो रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मी प्रथम दुसऱ्याच एका शिक्षकाची आपणास आठवण करून देतो. रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी (१८५१–१९११) हे सरकारी हायस्कुलांत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक होते. सोलापूरशी त्यांचे नाव विशेष जोडले जाते. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात सरकारने छापलेले जाडजूड अहवाल, असा त्यांचा व्यासंग होता. शेतसारा किती, लष्करावर खर्च किती, रेल्वेवर किती, शिक्षणावर किती, हे आकडे ते त्या अहवालांतून वेचून काढीत, वर्षावर्षांची तुलना करीत आणि पुणे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांचा अर्थ लावून दाखवीत. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत वेल्बी कमिशनपुढे जी साक्ष दिली, तिच्या आकड्यांमागे जोशी यांचे साहाय्य होते. तिच्यातील युक्तिवादाचा पाया सरकारच्याच हिशेबाचा असल्यामुळे तो सहजासहजी खोडून काढणे अवघड होते. दादाभाई नौरोजींनीही हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना हाच मार्ग धरला होता.

या कथेची दुसरी बाजू मात्र आपण सहसा सांगत नाही. जोशी ज्या पुस्तकांतून आकडे काढीत ती गुप्त नव्हती. ती छापलेली होती, विकत मिळत होती. पण ती इंग्रजीत होती, आणि ज्या शेतकऱ्याच्या साऱ्याचे ते आकडे होते त्याला ती वाचता येत नव्हती. माहिती छापली गेली होती, पण ती लोकांसाठी उघडी झाली नव्हती. ती उघडण्यास एक शिक्षक लागला. आज सव्वाशे वर्षांनंतर पुस्तकांच्या जागी संगणकावरील संकेतस्थळे आली आहेत, आणि छापलेले ते सारे उघडे, हा समज मात्र तसाच टिकून आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आपण बरेच पुढे आलो आहोत. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोट किराणा या गावी पहिली जनसुनावणी घेतली. रस्त्याच्या आणि इमारतीच्या कामांचे मस्टर तेथे गावापुढे मोठ्याने वाचण्यात आले. नाव वाचले जाई आणि गावकरी सांगत की हा माणूस कामावर गेलाच नव्हता. कागदावरचा आकडा आणि गावची आठवण यांची ती समोरासमोर गाठ होती. त्या चळवळीतून आणि महाराष्ट्रातील लढ्यातून २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आला. त्याच्या कलम ४ मध्ये एक तरतूद आहे, जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. शासनाने माहिती आपण होऊन प्रसिद्ध करावी, आणि ती करताना स्थानिक भाषा व त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशी पद्धत यांचा विचार करावा, असे हे कलम सांगते. पुढे २०१२ मध्ये केंद्राने खुल्या माहितीचे राष्ट्रीय धोरण आखले आणि त्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. त्यावर असंख्य तक्ते आहेत. किती तक्ते चढविले याचे अहवालही निघतात.

माझ्या मते मोजमाप येथेच चुकते. तक्ता किती मोठा आहे यापेक्षा मी निराळी कसोटी सुचवितो. ज्या माणसाच्या घराबद्दल, शेताबद्दल किंवा जिवाबद्दल तो आकडा आहे, त्याला तो वेळेत वाचता येतो काय? आणि तो चुकीचा असल्यास, हे खरे नाही, असे म्हणावयास त्याला जागा आहे काय? आलेख, नकाशे, रंग ही सारी या दोन प्रश्नांच्या सेवेसाठी आहेत. एरवी ती केवळ शोभा होय.

नकाशाने जीव कसे वाचतात याचे उदाहरण म्हणून १८५४ सालच्या लंडनमधील पटकीची साथ नेहमी सांगितली जाते. डॉक्टर जॉन स्नो याने मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेली दिसली. पंपाचा दांडा ८ सप्टेंबर रोजी काढण्यात आला. गोष्ट खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. मृत्यूंची यादी स्नोला सरकारी निबंधकाच्या कचेरीतून मिळाली होती. तेथे मृत्यूंची साप्ताहिक पत्रके नियमाने निघत, म्हणून हे शक्य झाले. आणि त्या वस्तीत घरोघरी ओळख असलेल्या हेन्री व्हाइटहेड नावाच्या धर्मोपदेशकाने, स्नोचे म्हणणे खोडून काढण्याच्या इच्छेने का होईना, दारोदार चौकशी केली. तीतून स्नोचेच म्हणणे पक्के झाले. वेळेवर निघालेले सरकारी पत्रक, त्याची दिसेल अशी मांडणी आणि गल्ली ओळखणारा माणूस, असा हा तिघांचा मेळ होता.

आता आपण आपल्या नदीकडे येऊ, कारण आजचा माझा खरा विषय तीच आहे.

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते. त्याच जिल्ह्यात भीमगढ येथे तिच्यावर संजय सरोवर आहे. तेथून ती बालाघाट जिल्ह्यात येते, पुढे गोंदिया, भंडारा, गोसीखुर्द, पवनी, ब्रह्मपुरी, वडसा असा प्रवास करीत गडचिरोलीकडे जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात गेला. आपली सोयरीक राहिली, आठवडी बाजार राहिले. पण नदीच्या नोंदी दोन राजधान्यांत विभागल्या गेल्या.

२०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस सिवनी, छिंदवाडा, बालाघाट या भागात अतिवृष्टी झाली. संजय सरोवरातून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले. गोसीखुर्दचे सर्व ३३ दरवाजे उघडण्यात आले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत पूर्व विदर्भातील कित्येक गावे पाण्याखाली गेली. पाणी सोडणे टाळता आले असते की नाही हा अभियंत्यांचा विषय आहे. त्यात मी पडत नाही. परंतु इशारा वेळेवर आणि कळेल अशा रीतीने मिळाला नाही, दोन राज्यांत ताळमेळ नव्हता, ही तक्रार त्या वेळी सर्वत्र झाली. येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की हे पाणी काही आकाशातून एकाएकी गावावर पडलेले नव्हते. धरणाचे दार उघडल्यापासून भंडाऱ्यास पोहोचेपर्यंत पाण्याला कित्येक तास लागतात. ते तास म्हणजे खाटेवरचे धान्य माळ्यावर चढविण्याचे, गुरे सोडण्याचे, म्हातारीला शाळेच्या इमारतीत नेण्याचे तास. मधल्या काळात माहिती पाण्याच्या पुढे धावू शकते. ती धावली की नाही, एवढाच प्रश्न आहे.

माहिती होती काय? होती. केंद्रीय जल आयोगाची मापनकेंद्रे याच जिल्ह्यात आहेत. वैनगंगेवर कुम्हारी येथे एक, आणि बाघ नदीवर राजेगाव येथे दुसरे, आपल्या अगदी शेजारी. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा या खोऱ्यांची जलविषयक आकडेवारी सरकार गोपनीय मानते. गोदावरीचे खोरे त्यात येत नाही, म्हणजे आपल्या नदीवर गुप्ततेचे कुलूपही नाही. पुराच्या दिवसांत आयोगाच्या संकेतस्थळावर पातळी पाहता येते, आणि ऑगस्ट २०२३ पासून भ्रमणध्वनीसाठी ‘फ्लडवॉच’ हे साधनही उपलब्ध झाले आहे. हे काम चांगले आहे आणि ते करणाऱ्यांचे मी अभिनंदन करतो.

परंतु त्या पडद्यावर काय दिसते ते पाहा. पातळी दिसते ती समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. हट्ट्याहून समुद्र शेकडो कोस दूर! बाघेच्या काठच्या शेतकऱ्याला समुद्रसपाटीशी काय करावयाचे आहे? त्याला हवी आहे त्याच्या दारची पायरी. विसर्ग सांगितला जातो तो कधी क्युसेकमध्ये, कधी घनमीटरमध्ये. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. एकाच नदीचा आकडा एका बातमीत दुसरीच्या पस्तीसपट दिसला, तर वाचणारा घाबरेल तरी किंवा हसेल तरी.

रंगांची गोष्ट याहून नाजूक आहे. हवामान खाते पावसाच्या इशाऱ्यासाठी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे चार रंग वापरते. जल आयोगही पुरासाठी हेच चार रंग वापरतो. आता हवामान खात्याचा नारिंगी सांगतो, तयारीत राहा. आयोगाचा नारिंगी सांगतो, नदीने धोक्याची पातळी ओलांडली आहे. एकाच संध्याकाळी एकाच भ्रमणध्वनीवर दोन नारिंगी ठिपके दिसतात. एकात अजून वेळ आहे, दुसऱ्यात ती निघून गेलेली आहे. दोन्ही खाती आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. पण दोघांचा वाचक एकच आहे, हे ध्यानात घेऊन रंगांचा अर्थ त्या ठिपक्याशेजारीच दोन शब्दांत लिहिण्यास किती खर्च येणार?

आपल्या गावातील बावडी पाहावयास बाहेरगावचे लोक येतात आणि तिच्या खांबांची व कोरीव कामाची वाखाणणी करून जातात. गोंड राजवटीतील म्हणून ती प्रसिद्ध आहे. मला तिच्या पायऱ्यांत निराळेच काही दिसते. पायऱ्यांची बावडी हे पाणी मोजण्याचे उघडे साधन आहे. काल किती पायऱ्या कोरड्या होत्या आणि आज किती आहेत, हे पाणी भरावयास आलेल्या निरक्षर बाईलाही कळते, आणि कोणी खोटे सांगितल्यास ती तिथल्या तिथे त्याला खोटे ठरवू शकते. आकडा, आलेख आणि पुरावा तिन्ही एकाच दगडात! पुराच्या माहितीचे चित्र असे असावयास हवे. राजेगावची पातळी इतकी झाली की पुलाच्या कोणत्या खुणेपर्यंत पाणी येते, कोणता रपटा बंद होतो, कोणत्या टोल्यातील पहिले घर भिजते, हे त्या त्या गावात रंगवून ठेवता येते. त्यासाठी उपग्रह लागत नाही. मागच्या पुराची रेघ भिंतीवर कोठवर होती ती दाखविणारी माणसे अजून गावात आहेत.

येथे कोणी म्हणेल की हे वरच्या राज्याचे खालच्या राज्यावरील उपकार होतील. तसे नाही. वैनगंगेवर आपण वरच्या अंगाला आहोत हे खरे, पण बाघेवर आपण खालच्या अंगाला आहोत. सिरपूर आणि पुजारीटोला ही धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांचे सोडलेले पाणी लांजी-किरणापूरच्या बाजूला येते. भंडाऱ्याने आपल्याकडे जी माहिती मागावी, तीच आपण गोंदियाकडे मागावयाची आहे. याहून समतोल देवघेव कोणत्या सीमेवर असेल?

नदीचा आकडा चुकला तर पाणीच त्याचा खोटेपणा उघड करते. माणसांच्या आकड्यांचे तसे नसते. ते चुकीचे वाचले तरी वर्षानुवर्षे खपतात. आपल्या जिल्ह्याचाच एक आकडा घ्या. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया होत्या. साऱ्या मध्य प्रदेशाचे प्रमाण ९३१ होते. राज्यात आपण पहिले आलो आणि त्याचा गौरवही झाला. त्या गौरवात तथ्य आहे. धानाच्या शेतीत स्त्रीचे कष्ट मोलाचे, आणि मुलीचा दुस्वास आपल्याकडे तुलनेने कमी. परंतु नकाशावर आपला जिल्हा गडद रंगाने रंगविणाऱ्याने जनगणनेचे दिवस पाहिले काय? गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. धान निघाल्यावर आपल्याकडील किती पुरुष नागपूरला, हैदराबादला, दूरच्या बांधकामांवर जातात हे आपणास ठाऊक आहे. त्या साऱ्या काळात जो घरी नव्हता त्याची मोजणी घरी झाली नाही. शून्य ते सहा वयाच्या मुलांत, जेथे स्थलांतराचा परिणाम फारसा नसतो, आपलेही प्रमाण हजाराच्या खालीच आहे. म्हणजे १०२१ या एका आकड्यात मुलीचा मान आणि बापाची गैरहजेरी ही दोन्ही एकत्र मिसळलेली आहेत. ती वेगळी करून दाखविणे हे चित्रकाराचे काम, आणि ती मिसळली आहेत हे सांगणे गावाचे.

ती गैरहजेरी किती मोठी होती हे देशाला २०२० च्या टाळेबंदीत दिसले. हैदराबादेहून बालाघाटपर्यंत लोक पायी आले. एका गृहस्थाने गरोदर पत्नीला आणि लहान मुलीला स्वतः बनविलेल्या लाकडी गाड्यावर ओढत आणल्याचे चित्र सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी १४ सप्टेंबर रोजी, परतीच्या वाटेवर किती मजूर दगावले याची आकडेवारी उपलब्ध नाही, असे उत्तर लोकसभेत देण्यात आले. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ‘ई-श्रम’ सुरू झाले, हे योग्य झाले. पण जे मोजलेच गेले नाही ते कितीही सुंदर नकाशात येत नाही, आणि नकाशातील पांढरी जागा पाहणाऱ्याला तेथे काही घडलेच नाही असे वाटते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढील गणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झाली आहे, म्हणजे पुन्हा तोच फेब्रुवारी. बाहेरगावी गेलेल्यांची ग्रामपंचायतीने स्वतंत्र यादी ठेवली तर त्या वेळी जुळवून पाहता येईल.

जमिनीच्या नोंदींबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. जानेवारी २००० मध्ये आपल्याच राज्यातील धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ नावाचा प्रयोग झाला. गावोगावच्या संगणककेंद्रांवर मंडीचे भाव आणि खसऱ्याची नक्कल अल्प शुल्कात मिळू लागली. त्याला जागतिक पारितोषिकही मिळाले. वीज आणि दूरध्वनीच्या अडचणींनी तो पुढे रोडावला. पण लोक पैसे देऊन काय विचारतात, हे त्याने दाखविले. आज खसरा-खतौनी घरबसल्या दिसते, नदीपलीकडे सातबारा दिसतो. दिसतो हे ठीक, पण त्यात चूक दिसली तर पुन्हा पटवारी, तहसील आणि तारखा. वाचण्याचे दार रुंद झाले आणि दुरुस्तीचे दार पूर्वीइतकेच अरुंद राहिले, तर माणसाला आपलीच चूक रोज वाचण्याचा हक्क तेवढा मिळतो.

भाषेचाही विचार व्हावा. येथे घरी पोवारी, डोंगराकडे गोंडी, सोयऱ्यांत मराठी, कचेरीत हिंदी आणि संगणकावर पुष्कळदा इंग्रजी. भिंतीवरील रेघ या पाचही भाषांत वाचता येते, हा चित्राचा मोठा गुण आहे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. उघडे व्हावयाचे ते शासन, नागरिक नव्हे. मस्टरवरील नावे गावात वाचली गेली पाहिजेत, कारण गावच ती तपासू शकते. पण कोणत्या विधवेला किती निवृत्तिवेतन मिळते आणि तिचा खातेक्रमांक काय, हे परमुलुखातील ठकाला घरबसल्या कळण्याचे कारण नाही. याच्या उलट, खाजगीपणाचे नाव पुढे करून अधिकाऱ्याच्या निर्णयावर पांघरूण घालण्याची वृत्तीही वाढते आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकारातील संबंधित कलम बदलले, त्यावर कार्यकर्त्यांनी घेतलेला आक्षेप मला वजनदार वाटतो.

गावाने आकडे हाती घेतले तर काय होते याचा दाखला महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे गावातच पाऊस मोजतात. त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि तो ग्रामसभेपुढे ठेवतात. पाऊस कमी पडला तर अधिक पाण्याची पिके घ्यावयाची नाहीत, असे ठरते. तेथील पोपटराव पवारांचे कौतुक आपण नेतृत्वासाठी करतो, ते योग्यच. पण पर्जन्यमापकावरचा आकडा सर्वांना दिसतो, म्हणून निर्णय एकट्या सरपंचाचा राहत नाही, हेही त्यातले मर्म आहे. आपल्याकडे पाऊस पुष्कळ आहे. आपला ताळेबंद उणिवेपेक्षा पुराचा अधिक असेल, एवढाच फरक.

म्हणून या शाळेपुढे एक छोटी सूचना ठेवतो. येत्या जूनपासून वरच्या वर्गांनी एक वही घालावी. तिच्यात चार रकाने असावेत: दिवस व वेळ, राजेगाव केंद्राची आयोगाने प्रसिद्ध केलेली पातळी, त्याच वेळी पुलाजवळ पाणी कोणत्या खुणेला होते, आणि शाळेच्या अंगणातील पाऊस. मुलांनी पुराच्या पाण्याजवळ जाऊ नये. खूण काठच्या गावातील वडीलधाऱ्यांनी दुरून पाहून दूरध्वनीवर सांगावी. माजी विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी जे गोंदिया-आमगावकडे नोकरीत आहेत त्यांनी पुजारीटोल्याच्या विसर्गाची वेळ कळवावी. दोन पावसाळ्यांनंतर या वहीवरून एक तक्ता तयार होईल, की केंद्राची अमुक पातळी म्हणजे आपल्याकडची अमुक पायरी, आणि विसर्गापासून तेथवर इतके तास. तो तक्ता कलेक्टर कचेरीला द्यावा, गोंदियालाही द्यावा. त्यात आणि सरकारी आकड्यात तफावत आढळली तर ती लिहून कळवावी आणि उत्तराची पोच वहीतच चिकटवावी.

मला देऊ केलेले मानधन मी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे. त्यातून वही, एक पर्जन्यमापक आणि खुणा रंगविण्यासाठी पांढरा व तांबडा रंग येईल. पुलाच्या खांबाला रंग लावण्यापूर्वी लोकनिर्माण विभागाची परवानगी घ्यावी लागेल. त्या अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना सही करावयाची असेल त्यांनी ती टेबलापाशी येऊन करावी.